“मॅडम, कट-ऑफ किती?”

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मुलाने किंवा मुलीने सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, दिलेली असते, 1600 पैकी काहीतरी आकडा आलेला असतो. त्या आकड्यावर अमेरिकेत कुठे प्रवेश मिळेल, एवढंच आई-बाबांना माझ्याकडून हवं असतं. तोच प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटते. तिला मुक्ता म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुक्ता बारावीत, इंजिनिअरिंगला जायचं म्हणत होती. सॅट तीनदा देऊन झालेली: 1430, 1460, 1440. बाबा बँकेत. चौथ्यांदा ऑक्टोबरमध्ये बसवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

“कट-ऑफ नसतो,” मी म्हटलं.

“असं कसं? कुठेतरी रेघ असेलच ना, मॅडम.”

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे जेईईत रँक हेच दार. एक यादी लागते, तुम्ही तिच्यात असता किंवा नसता. त्या हिशेबात वाढलेल्या माणसाला अमेरिकेतली निवड पटकन समजत नाही. तिथे शाळेतले चार वर्षांचे गुण, निबंध, शिक्षकांची पत्रं, मूल वर्गाबाहेर काय करतं, हे सगळं एका फाइलमध्ये एकत्र वाचलं जातं. सॅट हा त्या फाइलमधला एक कागद.

मुक्ता तो सगळा वेळ नखं खात होती. दुसऱ्या भेटीत ती एकटी आली. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात दुखतं, म्हणाली. आठवडाभर सगळ्यांबरोबर जेवायलाही बसवत नाही. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “ताई, बाबा माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना 1440 दिसतं.”

माणसाला घटनेपेक्षा घटनेला त्याने लावलेला अर्थ जास्त छळतो, या विश्वासावर मी बावीस वर्षं काम करते आहे. या घरात आकडा होता तेवढाच होता, त्याला चिकटलेला अर्थ मात्र दर भेटीत फुगत होता. म्हणून मी सॅट बाजूला ठेवली आणि विचारलं, ही तयारी सुरू होण्याआधी रविवारी काय करायचीस?

पुढच्या वेळी तिने एक वही आणली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि निम्मं बडोदं पाण्यात होतं, ते आपण कोणी विसरणार नाही. मुक्ताचं घर समा भागात. पाणी ओसरल्यावर तिने मोजपट्टी घेतली आणि गल्लीतल्या एकेका घराच्या भिंतीवरची चिखलाची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते टिपून ठेवलं. एकतीस घरं. समोर घरमालकाचं नाव, जोत्याची उंची, पाणी किती वाजता शिरलं. बत्तिसाव्या घरापाशी वही थांबली होती, कारण सॅटचा क्लास लागला.

मी वही परत दिली आणि पुढच्या भेटीला बाबांबरोबर यायला सांगितलं.

त्या भेटीसाठी मी तिच्या तिन्ही गुणपत्रिका छापून ठेवल्या होत्या. तिथे आकड्याबरोबर एक पट्टाही दिलेला असतो, आणि तो कोणी वाचत नाही. हेच मूल दुसऱ्या एखाद्या दिवशी बसलं असतं तर अमुकपासून तमुकपर्यंत कुठेही आलं असतं, असं परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगत असते. तीन कागद शेजारी ठेवले आणि मी गप्प बसले. वीस-तीस गुणांचा फरक कसा निरर्थक आहे ते समजावण्याचा मोह होत होता. तो आवरला, हे या केसमधलं माझं सगळ्यात चांगलं काम असं मला आजही वाटतं.

मुक्ता वाकून बघत होती. एकदम म्हणाली, “बाबा, हे पुराच्या रेघेसारखं आहे.”

“म्हणजे?”

“भिंतीवरची रेघ बारीक नसते ना. पाणी हलत असतं, त्यामुळे ती चार बोटं जाड उमटते. म्हणून मी नेहमी दोन आकडे लिहिते, खालची कड आणि वरची कड.” तिने वही उघडून दोन रकाने दाखवले. “हे बघा. तीन वेळा पाणी एकाच रेघेत आलंय.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा वही पाहिली, एकदा गुणपत्रिका. “मग मी तीस गुणांसाठी हिला परत बसवत होतो?” हे त्यांनी स्वतःलाच विचारलं.

गुण बिनमहत्त्वाचे आहेत असं मी कधीच सांगत नाही. मुक्ताला 1180 असते तर अभ्यास कर आणि पुन्हा बस, हेच सांगितलं असतं. या मुलाला तिथला अभ्यासक्रम, विशेषतः गणित, झेपेल का, या प्रश्नाचं उत्तर ही परीक्षा बऱ्यापैकी देते. म्हणूनच कोविडमध्ये ऐच्छिक केलेली परीक्षा अमेरिकेतल्या एमआयटीने 2022 मध्ये पुन्हा सक्तीची केली, आणि 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तसंच जाहीर केलं. पण 2022 च्या त्याच घोषणेत एमआयटीने हेही लिहिलं होतं की तयारी आहे हे एकदा पटलं की त्यापुढचे गुण आम्ही विचारातच घेत नाही. पैकीच्या पैकीवाल्याला झुकतं माप नाही. आपल्या पालकांपर्यंत यातला पहिला अर्धा भाग पोहोचतो, दुसरा पोहोचत नाही.

मुक्ताच्या बाबांबरोबर मग आम्ही खरा हिशेब मांडला. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, निवड करताना सॅट बघतच नाही. तिथे 1600 ही वाया. बाकी विद्यापीठांचं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं कागदपत्र बहुधा त्यांच्या संकेतस्थळावरच मिळतं. त्यात प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या निम्म्यांचे गुण कुठून कुठपर्यंत, ते असतं. खालच्या आकड्याच्याही खाली प्रवेश घेतलेली पाव मुलं असतात, हे बँकेतल्या माणसाला लगेच कळलं. परीक्षा ऐच्छिक असते तिथे कमी गुणवाले आकडा पाठवतच नाहीत, त्यामुळे तो पट्टा आहे त्यापेक्षा वर दिसतो, हेही दाखवलं. अगदी मोजक्या ठिकाणी हा पट्टा 1500 च्या आसपास किंवा पुढेच सुरू होतो. तिथे मुक्ता खाली पडते, तेही लपवलं नाही. पण तिला गणितात 780 होते, आणि इंजिनिअरिंगसाठी आधी नजर तिकडे जाते.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी विचारलंच नव्हतं. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की बहुतेक विद्यापीठांत त्याचा निवडीवर परिणाम होतो. तो होऊ न देणारी थोडीच आहेत: एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही त्यांतली. घरातून वर्षाला किती देता येईल, हा आकडा माझ्या अनुभवात सॅटच्या आकड्यापेक्षा जास्त दारं उघडतो आणि बंद करतो. बाबा त्या संध्याकाळी घरी गेले ते पासबुकं घेऊन बसायचं ठरवून.

ऑक्टोबरची परीक्षा रद्द केली. अर्ज अजून भरणं चालू आहे. मागच्या भेटीत मुक्ताने वही माझ्यापुढे सरकवली. बत्तिसावं आणि तेहेतिसावं घर नवीन होतं. एक वर्षाची जुनी रेघ, पण अजून दिसते, म्हणाली. तेहेतिसाव्या घरासमोर वरची कड लिहिलेली, खालचा रकाना कोरा.

“टेप बाबांनी धरली होती,” ती म्हणाली. “खालची कड त्यांना दिसेना. रविवारी परत जाणार आहोत.”