मानसोपचारातील संवादाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-आराखडा बारकाईने वाचला. मानसोपचाराच्या सत्रांतील भाषेवरून उपचारक आणि रुग्ण यांच्यातील नाते समजून घ्यावे, हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे, कारण मराठीत चाललेल्या सत्रांवरचे असे काम माझ्या पाहण्यात फार थोडे आले आहे. मात्र रुग्णाच्या बोलण्यातील भावनादर्शक शब्द मोजण्याचे तू योजले आहेस, तिथे मला तुला थांबवावेसे वाटते. एकाच्या बोलण्यावर दुसरा काय करतो आणि त्यावर पुन्हा पहिला काय करतो, या क्रमात नाते घडत असते. एकट्या रुग्णाची वाक्ये बाजूला काढलीस की नेमके तेच हातातून निसटते.

समज, सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक माणूस झोप लागत नाही म्हणून आला आहे. तो सांगतो, "घरी गेलं की कुणी बोलत नाही, मग मीही पडून राहतो." उपचारक म्हणतात, "म्हणजे घरच्यांचा राग येतो तुम्हाला." तो क्षणभर गप्प राहतो, आणि मग म्हणतो, "हो मॅडम... म्हणजे राग असं नाही, पण बरोबर आहे तुमचं." तुझ्या मोजणीत ‘राग’ हा शब्द रुग्णाच्या नावावर लागेल आणि ‘हो’ संमतीच्या रकान्यात जाईल. प्रत्यक्षात त्याने नकार दिला आहे, तोही मॅडमचा मान राखून, आणि शेवटच्या चार शब्दांनी त्याने विषय मिटवला आहे. आपल्याकडे डॉक्टरांना तोंडावर ‘नाही’ म्हणणे कित्येकांना जड जाते, हे तुला सांगायला नको. आता पुढची ओळ पाहा. "राग नाही, तर मग काय वाटतं?" असे विचारून उपचारकाने त्या नकाराला वाट करून दिली, की "बरं, मग या रागाचं काय करू या?" म्हणून त्या पुढे निघून गेल्या? तुझ्या प्रबंधाचा प्रश्न या दोन ओळींच्या मध्ये आहे.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारक आणि रुग्ण यांच्यातील सहकार्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, करावयाच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील बंध. २०१८ मध्ये फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा या सहकार्याचा उपचाराच्या फलिताशी सुमारे ०.२८ इतका सहसंबंध दिसला (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). तो मध्यम असला तरी अभ्यासामागून अभ्यासात टिकून राहिला आहे, म्हणून मी त्याला महत्त्व देते. पण या अभ्यासांची भिस्त मुख्यतः प्रश्नावल्यांवर आहे, आणि सातपूरचा आपला माणूस प्रश्नावलीतही "हो मॅडम" याच चालीने खुणा करील, अशी मला दाट शंका आहे. मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरु-शिष्य नात्याकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहावे असे सुचवले होते. तो विचार जरूर वाच, परंतु आदराने बोलणारा प्रत्येक रुग्ण शिष्यभावाने आला आहे, असे आधीच ठरवून बसू नकोस.

वाचनाची सुरुवात संभाषणाचे अभ्यासक हार्वे सॅक्स यांच्यापासून कर. १९६० च्या दशकात त्यांनी मानसिक संकटात मदत मागणाऱ्यांचे दूरध्वनी अभ्यासले. फोन घेणारे कर्मचारी स्वतःचे नाव सांगत, म्हणजे समोरचाही नाव सांगेल अशी त्यांची अपेक्षा असे. एका फोनवर समोरच्याने "मला ऐकू येत नाही" असे म्हटले, नाव पुन्हा सांगण्यात ती वेळ गेली आणि त्याचे स्वतःचे नाव सांगायचे राहूनच गेले. एवढ्या साध्या वाक्याने काय साधले जाते, हे ओळखायला जो कान लागतो, तो तुला कमवायचा आहे. भाषाशास्त्रज्ञ लाबोव आणि त्यांचे सहलेखक फॅनशेल यांनी १९७७ मध्ये एका सत्रातील १५ मिनिटांवर पुस्तकभर विवेचन केले, तेव्हा सत्रे कमी घेतलीस म्हणून संकोच वाटू देऊ नकोस.

प्रतिलेखन, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून बोलणे जसेच्या तसे लिहून काढणे, स्वतः कर. श्वास, ‘हं’, हसू, एकमेकांच्या बोलण्यावर पडलेले बोलणे आणि शांततेची लांबी, हे सारे त्यात यायला हवे. सटाणा-कळवणकडचे कुणी बोलता बोलता अहिराणीत शिरले, तर ते तसेच लिही. प्रमाण मराठीत आणलेस की कुठल्या क्षणी भाषा बदलली, ही मोलाची खूण पुसली जाईल.

संमतीबाबत मी आग्रही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि नैतिकता समितीची मान्यता तू घेशीलच. पण ध्वनिमुद्रणाची परवानगी उपचारकांनीच मागितली, तर मघाचे तेच "हो मॅडम" तुझ्या संमतिपत्रावर सही होऊन येईल. म्हणून ती उपचाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीने मागावी, नाही म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगावे, आणि सत्र संपल्यावर पुन्हा एकदा विचारावे. नाशिकमध्ये कारखाना, पाळी आणि मूळ गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा नुसते नाव बदलून भागणार नाही. ध्वनिमुद्रण कुणालाही पाठवू नकोस, मलाही नाही. सगळे तपशील बदललेली पहिली चार पाने छापील घेऊन ये, आपण ओळीगणिक बसून वाचू.

तुझी,
बाई