आडनावातला 'आड'

प्रश्न असा आला आहे: "माझे यजमान तमिळ. त्यांच्या नावाआधी नुसतं एक आद्याक्षर. मुलीच्या शाळेचा अर्ज भरताना आडनावाच्या रकान्यापाशी आमचं घोडं अडतं. त्यातच माझी मावशी म्हणाली की 'आडनाव' हा शब्दच गावंढळ, शिकल्यासवरल्या माणसाने 'कुलनाम' म्हणावं. खरं का?"

साफ खोटं. मावशींना माझा नमस्कार सांगा आणि 'आडनाव' असंच म्हणत राहा. "आपलं कुलनाम काय?" असं विचारणारा माणूस एक तर पौराणिक नाटकातला असतो, नाहीतर अर्ज छापणारा. हल्ली काही अर्जांवर हिंदीतून आलेलं 'उपनाम'ही दिसायला लागलंय, ते आणखी वाईट.

आड म्हणजे विहीर, आड म्हणजे पडदा, हे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडून देऊ. आपल्या कामाचा आड आहे तो आडवाट, आडगाव, आडदिवस, आडवेळ यांतला. राजरस्ता सोडून बाजूला फुटते ती आडवाट. सणवार सोडून उरलेला तो आडदिवस. तसं बारशाचं नाव सोडून लोकांनी बाजूने चिकटवलेलं ते आडनाव. म्हणजे मुळात टोपणनावच! एकबोटे, टकले, बोबडे, ढमढेरे, उकिडवे ही नावं कुठल्या कुळाने आपणहून घेतली असतील? गावाने ठेवली, आणि नातवंडांना ती कागदावर लावावी लागली. यात 'कुल' कुठून आलं?

आता माझा लाडका मुद्दा. मी सोलापूरचा. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यात, तिथे चुलीपाशी कन्नड आणि ओसरीवर मराठी. तिथे पाहुण्याला विचारतात, "निम्म अड्डहेसरु एनु?" हेसरु म्हणजे नाव, अड्ड म्हणजे आडवं, बाजूचं. अड्डहेसरु म्हणजेच आडनाव! मराठीने अर्धा शब्द तसाच ठेवला, अर्ध्याचं भाषांतर केलं. आणि तिकडची अड्डहेसरं ऐकाल तर आपले ढमढेरे लाजतील: उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, मेणसिनकाई म्हणजे मिरची, बेल्लद म्हणजे गुळाचे, तुप्पद म्हणजे तुपाचे. चार घरं फिरलात तर फोडणीची तयारी होते. आजोळी कोणी याला हसत नाही. हसतात ते पुण्याहून आलेले पाहुणे.

संस्कृतातून काढल्याशिवाय ज्यांना शब्द पचत नाही असे विद्वान म्हणतात, हा आड 'अर्ध'वरून आला, पूर्ण नावाचा अर्धा भाग म्हणून. 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय'वरून आला हे खरं, त्याच जोरावर ही मंडळी उड्या मारतात. मग आडवाट म्हणजे अर्धी वाट का? आडगाव म्हणजे अर्धं गाव? दुसरे म्हणतात, कन्नडनेच मराठीवरून उचललं नसेल कशावरून? अहो, हिंदीत 'आड़' आहे, पण 'आड़नाम' कोणी म्हणत नाही. गुजराती माणूस तर तुमची 'अटक' विचारतो, घाबरू नका, तिकडे आडनावालाच अटक म्हणतात. शब्दाचं हे वळण दक्षिणेकडचं आहे. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे सगळं कन्नडकडून घेताना ज्यांना लाज वाटली नाही त्यांनी आडनावापुरता सोवळेपणा करू नये.

आडनावावरून माणूस 'कळतो' असं समजणारे मला जास्त डाचतात. दिवेकर म्हटलं की यांच्या डोक्यात लगेच जात आणि पंगत तयार. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू होते. हा समाज रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. हेही आडनावच की, फक्त सातबाऱ्यावर चढलं नाही! त्यांच्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर सगळे आहेत. मिरजोळीचे हमीद दलवाई मुसलमान. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते काय कमी मराठी?

आणि सगळ्या माणसांना आडनाव असतंच, किंवा ते शेवटीच येतं, असंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या तेलुगू वस्तीत 'इंटिपेरु' असतं, म्हणजे घराचं नाव, आणि ते आधी येतं, माणूस मागून. माझ्या वर्गात हजेरी घेताना गुरुजी हे उलटंपालटं करत आणि पोरं "हजर" म्हणायला घुटमळत. तमिळांकडे वडिलांचं नाव आद्याक्षर होऊन पुढे उभं राहतं. आपली वर्तमानपत्रं मात्र "विश्वनाथनची सरशी" छापत बसतात. अहो, बुद्धिबळ खेळला तो आनंद, विश्वनाथन त्याचे वडील! जगभर त्याला लाडाने 'विशी' म्हणतात, तेही वडिलांच्याच नावाचं रूप.

तुमच्या यजमानांचं आद्याक्षर उलगडून त्यांना, समजा, "रामनाथन साहेब" म्हणून हाक मारणारे ऑफिसात निघाले असतील, तर ते त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे… नाही, तुमच्या सासऱ्यांना हाक मारताहेत, एवढं त्यांना सांगा.

बरं, अर्ज. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. तुमची मुलगी शाळेत जाते म्हणजे त्याआधीची, तेव्हा ती सक्ती तिला लागू नाही. जन्मदाखल्यावर जे लिहिलंय तेच शाळेतही अक्षरश: तसंच लिहा, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर ते वेगळं निघालं की खेटे घालावे लागतात. रकाना रिकामा ठेवू देत नसतील तर यजमानांचं नाव लिहा, तमिळ घरांतून सर्रास असंच करतात. मावशी विचारतील, "हे कसलं कुलनाम?" त्यांचं स्वत:चं आडनाव काय आहे, तेवढं मला नक्की कळवा.