गावाच्या हिशेबावर लक्ष ठेवायचं, तर पैसा कुणाचा?

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कामांवर लोकांनी लक्ष ठेवावं म्हणून आमचा गट २० गावांत काम करतो. देणगीदार संस्थेने प्रस्ताव परत पाठवला आहे. मानधन कमी करा, मेळावे वाढवा, मुदत एक वर्षाची ठेवा, असं त्यांचं म्हणणं आहे. आम्ही काय करावं? (बीड जिल्हा)

उत्तर : मानधन कमी करू नका. या कामात माणूस गावात हजर असणं हेच काम आहे, आणि ते देणगीदाराला आकड्यांनी पटवून द्या. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाडीच्या रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी १० सेंटीमीटरच ठेवली तर ३० घनमीटर. बिल ४५चं निघालं, तर १५ घनमीटरचे पैसे गेले. वरून पाहिलं तर दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. फरक कळतो तो कडेच्या फळ्या काढल्यावर आणि बाजूला मुरूम पडायच्या आत, कडेला टेप लावून. त्या दोन-चार दिवसांत कोणी तिथे गेलं नाही, तर पुढे वाद फक्त कागदावर होतो.

कागदही पाठपुराव्याशिवाय मिळत नाहीत. एका कामासाठी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) पानं, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला एवढं लागतं. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘पाच वर्षांतल्या सर्व कामांची सर्व माहिती द्या’ असा अर्ज इथेच अडकतो. एका कामाला एक अर्ज करा. अर्जाला १० रुपये, प्रतीच्या पानाला २ रुपये आणि उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. मोजमाप पुस्तिकेचा उल्लेख अर्जात नाव घेऊन करा, नाहीतर नुसतं देयक हातावर ठेवलं जातं.

२० गावांना दोन पूर्णवेळ कार्यकर्ते लागतात, त्याहून कमी नकोत. महिना १५,००० रुपयांप्रमाणे वर्षाचे ३,६०,००० होतात. प्रवासाला ८४,०००, अर्ज आणि प्रतींना २०,०००, चार प्रशिक्षणांना ४८,०००, प्रत्येक गावात हिशेबाचा रंगवलेला फलक लावायला ५०,०००, लेखापरीक्षण आणि कार्यालयाला ६०,००० धरा. एकूण ६,२२,०००, म्हणजे गावामागे ३१,१००. प्रस्तावात हा गावामागचा आकडा सगळ्यात वर लिहा. ‘मानधन ५८ टक्के’ एवढंच दिसलं की वाचणारा बिचकतो.

मुदतीबद्दल मात्र हटून बसा. गावाच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होते, त्यातली कामं पुढच्या आर्थिक वर्षात होतात आणि बिलांची गर्दी मार्चमध्ये उसळते. एप्रिल ते मार्च असं वर्षभराचं अनुदान घेतलं, तर आराखडा ठरताना तुम्ही हजर असता आणि त्यातलं काम प्रत्यक्ष होताना तुमच्याकडे कार्यकर्ता नसतो. ऑगस्टपासून २० महिने मागा. एक आराखडा सुरुवातीपासून शेवटच्या बिलापर्यंत त्यात बसतो.

प्रश्न : माझा चुलत भाऊ अमेरिकेत असतो. आमच्या संस्थेला तो वर्षाला दोन लाख द्यायला तयार आहे. आमच्याकडे विदेशी अंशदानाची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी नाही. (सांगली)

उत्तर : आधी त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील, तर ते विदेशी अंशदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत आणि बचतीतून देत असल्याचं त्यांचं पत्र फाइलला लावून ठेवा. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असूनही तो पैसा विदेशी, आणि नोंदणी किंवा केंद्र सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येणार नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने सभासदांकडून गोळा करून पाठवलेली रक्कमही विदेशीच. सगळे सभासद भारतीय नागरिक असले तरी पाठवणारी संस्था परदेशातली असते. नेमकी इथे चूक होते.

एखाद्या मोठ्या संस्थेने विदेशी पैसा घेऊन तुम्हाला द्यायचा, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. त्याच दुरुस्तीने विदेशी पैशातल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. स्वतः नोंदणी करायची तर साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

प्रश्न : सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा कंपनीचा निधी, देणारी कंपनी म्हणते, कायद्याने तुमचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा. खरं आहे का? (नाशिक)

उत्तर : नाही. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. कंपनीने आपलं धोरण म्हणून वेगळी अट घालावी, पण त्याला कायदा म्हणू नये. तुम्ही एक गोष्ट पाहा. त्या कंपनीचा कारखाना तुमच्याच गावांत असेल आणि त्याची घरपट्टी किंवा ना-हरकत पंचायतीकडे अडकली असेल, तर तो पैसा नाकारा.

प्रश्न : सरकारच्या कामावर लक्ष ठेवायला सरकारचाच पैसा घ्यावा का? (नंदुरबार)

उत्तर : याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात शोधता येईल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. इतर चार म्हणजे अमरावती, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. सरकारी निधीतून संस्थांनी गावोगाव हिरवी, पिवळी, लाल अशी प्रगतिपत्रकं भरली आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर ती वाचली. म्हणजे हे होऊ शकतं. दुसरा मार्ग राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेचा. १९९४ मध्ये कोट किराणाला पहिली जनसुनवाई घेणाऱ्या या संघटनेने संस्थात्मक अनुदान न घेता लोकांच्या देणग्यांवर काम उभं केलं.

आमचं मत असं की राज्य पातळीवरून येणारा निधी घ्यावा, पण ज्या पंचायतीचा हिशेब तपासायचा तिच्याकडून चहाचाही खर्च घेऊ नये. करारात दोन ओळी असायलाच हव्यात. अहवाल आधी गावात वाचला जाईल, आणि तो जाहीर करायला पैसे देणाऱ्याची पूर्वपरवानगी लागणार नाही. या ओळी मान्य नसतील तर सही करू नका. सरकारी हप्ता उशिरा येतो, म्हणून तीन महिन्यांचं मानधन गाठीशी ठेवूनच काम उचला, आणि कोणा एकाकडून एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेऊ नका.

थोडा पैसा गावातूनच गोळा करा. घरटी वीस रुपये का होईना, पण क्रमांक छापलेल्या पावतीवर. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला आयकरातली ८०-जीची सवलत मिळत नाही, त्याहून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. ग्रामसभेत तुम्ही मोजमाप पुस्तिका मागितलीत की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा पैसा कुठून येतो?’ म्हणून पंचायतीचा हिशेब रंगवाल त्याच फलकाच्या खालच्या भागात आपली जमा, आपला खर्च आणि कार्यकर्त्यांचं मानधन लिहा, आणि दर तिमाहीला आकडे बदला.