म्हापशाहून कोल्हापूरला कारने अंगोरा सशांची जोडी न्यायची आहे, कागद काय लागतात आणि ससे टिकतील का?

कागदांचं आधी सांगतो, सरकारी पशुवैद्यकाकडून हेल्थ सर्टिफिकेट घ्या आणि विकत घेतले असतील तर बिल ठेवा. रानटी सशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गोव्याच्या हद्दीवरच्या पात्रादेवी नाक्याला कोणी गाडी थांबवून विचारलं तर हे पाळीव आहेत एवढं त्या कागदावरून दिसलं म्हणजे झालं.

खरा प्रश्न उन्हाचा आहे हो. अंगोरा म्हणजे थंडीतला प्राणी, आपल्याकडे त्यांची पैदास हिमाचलात कुलूजवळ गडसाच्या सरकारी केंद्रात होते, आणि सशाला घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांतूनच बाहेर पडते, त्यात अंगावर ती लोकर, म्हणजे बघा. एप्रिल-मे मध्ये नेऊच नका, नेणं भागच असेल तर पहाटे निघा, एसी चालू ठेवा पण झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवा. डिकीत तर अजिबात नाही! कडक पिंजरा पुढच्या सीटच्या मागे खाली घट्ट बसवा, आंबोलीच्या वळणांवर सरकायला नको.

उपाशी नेऊ नका, सशाला उलटी होतच नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडं मंदावतं आणि जिवावर बेततं. सुकं गवत भरपूर टाका, पाण्याची वाटी सांडते म्हणून काकडीचे तुकडे द्या. पोचल्यावर लेंड्या पडतायत का बघा, नसतील तर लगेच डॉक्टर.