आबांची खेप वाया जाते

प्रश्न : आमचे आबा लष्करातले निवृत्त नायक, वय ७४, हृदयाचा त्रास. चोपड्याहून पहाटेच्या एसटीने माजी सैनिकांच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकला नेलं. दोनदा डॉक्टर रजेवर, मोठ्या रुग्णालयासाठीची चिठ्ठी, रेफरल, नाहीच. केळीचे घड उतरवायचे दिवस. आबा म्हणतात, "जाऊ दे वं माय." काय करू? – एक सून

उत्तर : ताई, जाऊ देऊ नका. मी स्वतः माजी सैनिक आहे. रांगेत तक्रार करायची नाही, ही आमची जुनी सवय जिवावर बेतते. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, सुरू झाली ती आबांसारख्यांसाठीच.

छातीत कळ आली तर रेफरलची वाट पाहू नका. थेट योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात न्या, सोबत योजनेचं कार्ड. जवळ यादीबाहेरचंच असेल तर तिथे न्या, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा आणि प्रत्येक बिल, डिस्चार्ज कार्ड जपा. मंजूर दराने पैसे मागता येतात.

एरवी निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारा. खेप पुन्हा वाया गेली, तर तारखांसह लेखी अर्ज प्रभारी अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. एक प्रत जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. अर्जावर सही मात्र आबांचीच हवी.