'हॉट टॉडी'तली टॉडी म्हणजे आपली ताडीच का?

प्रश्न असा आहे: व्हिस्की, मध, लिंबू आणि गरम पाणी घालून करतात त्या 'हॉट टॉडी'तला शब्द आपल्या ताडीवरून आला, की टॉड नावाच्या डॉक्टरवरून? आणि मराठीत तिला 'गरम ताडी' म्हणावं का?

शब्द ताडीचाच आहे. संस्कृत 'ताल', त्याचा प्राकृतातून झालेला 'ताड', आणि ताडाचा रस ती ताडी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरत आणि आसपासच्या बंदरांत उतरलेल्या इंग्रजांनी तो शब्द उचलला. त्यांच्या लिखाणात तो 'तारी' असाही दिसतो आणि 'टॅडी' असाही. ही दोन रूपं का, हे समजायला 'गाडी', 'वाडी', 'साडी' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. दोन स्वरांमध्ये आलेला ड आपण ठासून उच्चारत नाही, जीभ टाळूला निसटती लागून खाली येते. इंग्रजांकडे हा ध्वनीच नव्हता. कुणाला त्यात र ऐकू आला, कुणाला ड. साडीची इंग्रजीत 'सारी' झाली, गाडीची 'गॅरी' झाली, ताडीच्या बाबतीत मात्र ड टिकला आणि 'टॉडी' रूढ झाली. मला या शब्दाच्या प्रवासातला हा टप्पा सगळ्यात सुंदर वाटतो, कारण त्यात आपल्या उच्चाराची खूण राहून गेली आहे.

डॉक्टरांची गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. डब्लिनचे रॉबर्ट बेंटली टॉड हे खरोखरचे नामांकित डॉक्टर होते आणि रुग्णांना ब्रँडी देण्याबद्दल ते प्रसिद्धही होते. पण त्यांचा जन्म 1809 चा, आणि स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 1786 मध्ये छापलेल्या कवितेत मंडळी टेबलाभोवती बसून टॉडी ढवळतायत! दुसरी कथा एडिनबरा शहराला पाणी पुरवणाऱ्या 'टॉड्स वेल' या झऱ्याची. ती स्थानिक अभिमानाला साजेशी आहे, पण भारतातल्या मद्यासाठी 'टॉडी' हा शब्द इंग्रजीत स्कॉटलंडमधल्या टॉडीच्या कितीतरी आधी रुळलेला होता.

नाव तिकडे गेलं, रस मात्र गेला नाही. ताडी झाडावरून उतरवल्यावर काही तासांतच आंबायला लागते, मग गलबतावरून महिनोन्‌महिने कशी टिकणार? अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेतल्या वसाहतींत दारू, साखर आणि पाणी या मिश्रणाला टॉडी म्हणू लागले होते. स्कॉटलंडमध्ये दारू म्हणजे व्हिस्की आणि पाणी कढत. वाडग्यातून पेल्यात वाढायला लांब दांड्याचे खास टॉडी-डाव असत. अमेरिकेत जेरी टॉमस या बारवाल्याच्या 1862 च्या पुस्तकात जिन टॉडी आणि जिन स्लिंग यांत फरक आहे तो फक्त स्लिंगवर किसलेल्या जायफळाचा. आणि 1806 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 'कॉकटेल'चा अर्थ दिला तो असा: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजेच कडू अर्क घातलेली स्लिंग. म्हणजे टॉडी ही कॉकटेलची अगदी जवळची वडीलधारी ठरते.

करायची रीत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा. जाड पेला उकळत्या पाण्याने विसळून गरम करावा. त्यात चमचाभर मध किंवा साखर थोड्या कढत पाण्यात पूर्ण विरघळवावी, मग 50 ते 60 मिली व्हिस्की, वर साधारण 120 मिली गरम पाणी आणि शेवटी लिंबू पिळावं. लिंबाच्या चकतीत दोन-तीन लवंगा टोचल्या तर वास छान येतो. व्हिस्की चुलीवर मुळीच ठेवू नये, मद्यार्क 78 अंशांनाच उकळतो आणि उडून जातो. जुन्या स्कॉटिश टॉडीत लिंबू-लवंगेची गरज नव्हती, व्हिस्की, साखर आणि कढत पाणी एवढ्यावर भागत असे.

आता 'गरम ताडी'बद्दल. कृपा करून असं लिहू नका. इंग्रजीने 'टॉडी'त सगळी झाडं एकत्र कोंबली, पण आपल्याकडे ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी, आणि पहाटे उतरवलेली, न आंबलेली ती नीरा. गोव्यात माडाच्या रसाला सूर म्हणतात, आणि तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाचं पीठ त्याच सुरेने फुगवत. इतके नेमके शब्द हाताशी असताना व्हिस्कीच्या पेयाला ताडी म्हटलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाडावरचं मडकं उभं राहील. 'हॉट टॉडी' किंवा नुसतं 'टॉडी' लिहावं, आणि स्त्रीलिंगी ठेवावं: 'त्याने टॉडी केली', 'टॉडी निवली'.