नियमात बसतं, पण मित्र बोलत नाही

प्रिय 'पुण्याचा नेक्रोमॅन्सर',

तुमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात, म्हणजे एकेक पात्र घेऊन टोळीने रंगवायच्या कल्पित साहसकथेत, मित्राचा पॅलाडिन (धर्मवीर योद्ध्याचं पात्र) मेला. पुढच्या रविवारी मित्र आला नाही, तेव्हा तू 'ॲनिमेट डेड' हा प्रेत चालतं करायचा मंत्र टाकून त्या प्रेताचा झोंबी केलास आणि सापळे तपासायला पुढे धाडलास. सगळे खो खो हसले. आता मित्र फोन उचलत नाही, आणि तू मला विचारतोस, "आत्मा तर गेला होता, उरलं ते नुसतं मांस, मग पाप कसलं? देहदानातही प्रेत वापरतातच की!"

पापाचं नंतर बघू. आधी नियम, कारण अख्खं पत्र तू नियमांवरच लढवलंयस. तुमच्या २०१४ च्या आवृत्तीत मेलेल्याला जिवंत करणारा 'रेझ डेड' हासुद्धा नेक्रोमन्सीच, म्हणजे मेलेल्यांवरच्या जादूची तुझीच शाखा. त्याला ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, मेल्यापासून १० दिवसांच्या आत तो टाकावा लागतो आणि आत्म्याची परत यायची तयारी लागते. म्हणजे मेलेल्याला विचारावं लागतं. प्रेताला प्रश्न विचारायच्या 'स्पीक विथ डेड'मध्ये तर त्याला शत्रूशी खोटं बोलायचीही मुभा आहे! 'ॲनिमेट डेड' तेवढा कुणाला काही विचारत नाही. आणि अनडेड, म्हणजे झोंबीसारखं चालतं प्रेत, झालेल्यावर 'रेझ डेड' चालत नाही. तूच ओझरतं लिहिलंयस की तुमची टोळी हिऱ्यासाठी पैसे साठवत होती. अरे, मग? गडी परत यायच्या बेतात होता आणि तू त्याची वाटच बंद केलीस.

प्रेत जपायचंच होतं तर 'जेंटल रिपोज' होता की. चिमूटभर मीठ, प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, आणि १० दिवस ते ना कुजत, ना झोंबी होत. हाही तुझ्याच शाखेचा मंत्र. तेव्हा 'नेक्रोमन्सीला लोक उगाच बदनाम करतात' हे मला शंभर टक्के मान्य.

देहदानाचा दाखला मात्र मागे घे. तो फॉर्म माणूस जिवंतपणी स्वतः भरतो. बेवारस मृतदेह १९४९ च्या ॲनाटमी कायद्याने वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात, खरंय. पण हा पॅलाडिन बेवारस नव्हता. त्याच्या वारसाचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये आहे.

त्याच्या घरी जा. नियमपुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवू नकोस. "तुझं पात्र तुला न विचारता वापरलं, चुकलं" एवढंच म्हण; "पण सगळे हसत होते" हे शेपूट नको. मग दोघं मिळून डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, गाठा आणि पॅलाडिनला माणसात आणायची काही वाट निघते का ते विचारा. खर्च तुझ्या वाट्याच्या सोन्यातून.

कदाचित तो म्हणेल, "राहू दे झोंबी, मी नवीन पात्र आणतो." मग खुशाल ठेव. ताबा टिकवायला २४ तासांच्या आत मंत्र पुन्हा टाकावा लागतो, म्हणजे तिसऱ्या पातळीचा मंत्र टाकायच्या तुझ्या मोजक्या संधींपैकी (स्लॉट) एक रोज त्यातच जाणार. तेवढं टोळीला आधीच सांगून ठेव.

— ताई